कान झाकून गायचं

उपकेंद्रात त्या दिवशी गर्दी नव्हती. सातव्या महिन्यातली एक बाई तपासणीला आली होती. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानात घातला, फुगा दाबून पारा चढवला आणि हळूहळू हवा सोडू लागले. ठोके यायला हवे होते त्या जागी मला शिट्टी ऐकू आली. बारीक, एका सुरातली. लांबच्या कुठल्या तरी घरात कुकरची शिट्टी सुरू व्हावी आणि ती कोणी बंदच करू नये, तशी. मला वाटलं, नळी खराब झाली. झटकली, पुन्हा घातली. शिट्टी तशीच. स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला, तरी ती तशीच होती. डाव्या कानात.

ती बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. "काय झालं सिस्टर? बीपी जास्त हाय काय?"

"नाही गं. पुन्हा एक डाव पाहू."

तिसऱ्या वेळी ठोके लागले, पण लांबून आल्यासारखे. मी आकडा लिहिला. तो बरोबरच होता, असं मला वाटत होतं. तरी दुसऱ्या दिवशी गोळ्यांचं निमित्त काढून मी तिला परत बोलावलं आणि बॅटरीच्या मशीनवर बीपी पाहिला. आकडा जुळला तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन दोन मिनिटं नुसती उभी राहिले. त्यानंतर मी स्टेथोस्कोप खणात ठेवला आणि सगळ्यांचा बीपी मशीनवरच घ्यायला लागले. कोणी विचारलं तर सांगायची, हे सोपं पडतं.

मी आरोग्यसेविका आहे, धामणगाव बढ्याकडे राहते. नोकरी लागायच्या आधीपासून मी गाते. माझा नवरा गावात मोटरपंप दुरुस्त करतो आणि कीबोर्ड वाजवतो. आमची प्रबोधनाच्या गाण्यांची पार्टी आहे. मी मुख्य गायिका, दोन जणी कोरसला, एक ढोलकी, एक ऑक्टापॅड. एप्रिलात जयंतीचे कार्यक्रम, मग बुद्धपौर्णिमा, मग लग्नं, विहारांची उद्घाटनं. स्टेजवर गाणाऱ्याच्या पायाशी एक तिरपा स्पीकर ठेवतात, तोंड आपल्याकडे करून. त्याला मॉनिटर म्हणतात. समोरच्या मोठ्या स्पीकरच्या गोंगाटात आपला आवाज आपल्यालाच ऐकू यावा म्हणून तो असतो. ऑक्टापॅडवाला जोर धरायचा, मला माझा सूर सापडेनासा व्हायचा, मी साऊंडवाल्याला अंगठा वर करून खूण करायची: वाढवा. तो वाढवायचा. मग ऑक्टापॅडवालाही वाढवायला लावायचा. पंधरा वर्षं आम्ही असेच एकमेकांच्या वर चढत गेलो. तो मॉनिटर माझ्या डाव्या हाताला असायचा.

शिट्टीचं मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की ती खरी होईल, असं वाटायचं. दिवसा कामात ती विसरायला व्हायची. पण घर शांत झालं, टीव्ही बंद झाला, की ती हजर. मी पंखा मोठा करून ठेवायची. नवरा म्हणायचा, एवढी थंडी अन् पंखा काऊन? मी म्हणायची, मच्छर आहेत.

भीती कशाची होती ते मला पक्कं माहीत होतं. माझे बाबा मलकापूरला जिनिंगमध्ये कामाला होते. सरकी काढायच्या मशीनवर त्यांची सगळी उमर गेली. पन्नाशीलाच त्यांचे कान गेले. गेले म्हणजे एका दिवशी नाही. आधी ते टीव्ही वाढवायला लागले, मग लोक पुटपुटतात म्हणून चिडायला लागले, मग चिडायचे थांबले. त्यानंतरचं मला जास्त आठवतं. घरात चर्चा चालायची, कोणाचं लग्न, कोणाचं दुखणं, आणि बाबा मधे बसून सगळ्यांकडे पाहून हसायचे. हसायची जागा नसायची तिथेही हसायचे. आई हळूहळू त्यांना फक्त कामापुरतंच मोठ्याने सांगायला लागली: जेवा, औषध घ्या, पाहुणे आले. बाकीचं ओरडून सांगण्यासारखं नसतं. मीही तेच केलं आहे. माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हा सगळ्या गल्लीला कळलं, बाबांना सांगायचं राहून गेलं. त्यांनी ते तिसऱ्या दिवशी पेढ्यांच्या पुड्यावरून ओळखलं.

तेच माझं होणार, ही भीती होती.

एप्रिल उलटून गेल्यावर मी रोहिणखेडला माहेरी गेले. आई स्वयंपाकघरातून काही विचारत होती, मी ओसरीवर बसून उत्तरं देत होते. बाबा समोर खाटेवर होते. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग उठून माझ्या शेजारी येऊन बसले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, पण त्या दिवशी ते अगदी हळू बोलले.

"कवापासून हाय?"

"काय?"

"शिट्टी."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"आईनं हाक मारली का तू मान फिरवते. उजवा कान पुढं करते," ते म्हणाले. "मी बी तसंच करत होतो. मले वाटे, कोणाले दिसून नाही राह्यलं."

मला रडू फुटलं. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आमी कानात कापसाचे बोळे घालत होतो," ते म्हणाले. "आजूबाजूले कापूसच कापूस. कापसानं काही होत नाई बाई. तू डॉक्टरले दाखव. मी नाई दाखवलं."

बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरकडे मी एकटीच गेले. नवऱ्याला सांगितलं, मीटिंग आहे. डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी मला एका छोट्या खोलीत बसवलं. फ्रीजसारखं जाड दार. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आला की दाबायचं. दार लावलं आणि जगातला सगळा आवाज संपला. उरली फक्त शिट्टी. इतकी मोठी मी ती कधीच ऐकली नव्हती. तिच्या आडून बीप शोधायचा होता. येतोय की नाही, तेच समजेना. परीक्षेत नापास व्हायची भीती वाटावी तशी वाटली आणि मी अंदाजाने बटण दाबायला लागले. बाईंनी काचेतून पाहिलं, दार उघडलं आणि म्हणाल्या, "ऐकू आलं तरच दाबा. मला फसवून तुमचा काय फायदा?"

कागदावर दोन रेघा आल्या. उजवीकडची लाल गोलांची, बरीच सरळ. डावीकडची निळ्या फुल्यांची. ती सरळ चालत येऊन शेवटी एकदम खड्ड्यात उतरलेली.

"हे गेलेलं परत येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शिट्टी कमी-जास्त होईल, पण राहील. आहे ते सांभाळायचं. मोठा आवाज बंद."

"मी गाते, मॅडम."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती मोठ्याने?"

मी त्यांना मॉनिटरचं सांगितलं.

"एक तर थांबा, नाही तर कान झाकून गा. तिसरं नाही."

बसस्टँडवर मला नवरा दिसला. गावातल्या कोणी तरी मला दवाखान्याच्या पायरीवर पाहून त्याला फोन केला होता. तो कामाचे ग्रीसचे हात तसेच घेऊन मोटरसायकलवर आला होता. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण खड्डा दिसला.

"म्हणून जयंतीच्या कार्यक्रमात तू दोनदा सूर सोडला," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "माझाच कीबोर्ड हाय त्या मॉनिटरात."

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि मोटरसायकल सुरू केली.

आधी मी मेडिकलमधले फोमचे बोळे कानात घालून पाहिले. आवाज कमी झाला, पण सगळंच पाण्याखाली गेल्यासारखं. स्वतःचा आवाज कवटीत घुमायचा आणि कीबोर्डचा पत्ताच लागायचा नाही. तालमीत मी चक्क पाव सुराने खाली गायले आणि मला ते कळलंसुद्धा नाही. कोरसच्या दोघी एकमेकींकडे पाहायला लागल्या तेव्हा कळलं. मग नवऱ्याने बुलढाण्याहून बिनतारी इयरबड आणले. दुकानदाराने सांगितलं होतं, बाहेरचा आवाज कापतात. खरंच, घातल्याबरोबर पंख्याची घरघर गायब झाली. पण ढोलकी वाजली तर ती सरळ आत. मशीनची एकसारखी घरघर त्यांना कापता यायची, पण थाप कधी पडणार ते त्यांना तरी कसं कळावं? आणि त्याहून वाईट म्हणजे, मी माइकवर सा लावला आणि तो मला मागाहून ऐकू आला. अगदी पापणी लवण्याएवढा उशिरा. माझ्या मागे उभं राहून कोणी तरी माझीच नक्कल करतंय, असं वाटलं. मी ते काढून गादीवर टाकले.

आमचा साऊंडवाला धाडचा. पन्नाशीचा शांत माणूस, आमच्या बहुतेक कार्यक्रमांना त्याचाच सेट असतो. नवऱ्याने त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताईला घेऊन या. मोठे गायक कानात घालून गातात ते लाखाचं काम असतं. पण तारेवालं आपल्या ऐपतीत बसतं. घालून बघितल्याशिवाय घेऊ नका मात्र."

आम्ही बाजाराच्या दिवशी धाडला पोचलो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे स्पीकर रचलेले होते. त्याने एका डब्यातून इयरफोनच्या तीन जोड्या काढून टेबलावर मांडल्या. कानात घालायच्या छोट्या बोंडासारख्या, तार कानावरून मागे वळवून घ्यायची. दीड-दोन हजारांच्या आतल्या, त्याने आजमावायला म्हणून घेतलेल्या. मी पर्समधून स्पिरिटचे बोळे काढले आणि एकेक पुसून घेतली. दुकानात अशा कानात घालून पाहू देत नाहीत. मला त्या माणसाचे उपकार वाटले.

त्याने शेडबाहेरचा जनरेटर चालू केला. पत्रे थरथरायला लागले. "हा तुमचा ऑक्टापॅड समजा," तो ओरडून म्हणाला. "आता घाला अन् गा."

नवऱ्याने सोबत आणलेला कीबोर्ड जोडला आणि त्यातलाच ढोलकीचा ठेका लावला. पहिल्या जोडीत ढोलकी छातीत धडधडत होती, पण शब्द गढूळ. कीबोर्डचे दोन सूर एकमेकांत मिसळून जात होते. दुसरी लख्ख होती. इतकी की गाण्यातला प्रत्येक 'स' आणि 'श' सुईसारखा डाव्या कानात टोचला. मी घाबरून ओढूनच काढली. तिसरी हवी तशी होती. तिच्यात काही भारी वाटत नव्हतं, कोणी म्हणेल बेचव आहे. पण आवाज वेगळा, कीबोर्ड वेगळा, सूर कुठे आहे ते डोळे मिटून सांगता येत होतं. फक्त मी वरचा सूर लावायला तोंड उघडलं की जबडा हलायचा, डाव्या कानात फट पडायची आणि जनरेटर धो धो आत शिरायचा.

"डावा कान बारीक असंल," साऊंडवाला म्हणाला. त्याने रबराची लहान टोपी लावून दिली. तरी तेच. मग त्याने डब्यातून स्पंजाची टोपी काढून दिली. "चिमटीत दाबा, घाला, अन् बोटानं धरून थांबा. फुगू द्या."

मी धरून थांबले. स्पंज कानात हळूहळू फुगत गेला. जनरेटर आधी शेजारच्या गल्लीत गेला, मग वेशीबाहेर गेला, मग अगदी शेतापलीकडे गेला. मी तोंड उघडलं, मिटलं, वरचा सा लावला. काही हललं नाही. नवरा समोर कीबोर्डवर बसला होता, त्याची प्रत्येक पट्टी मला स्वच्छ ऐकू येत होती. गाणं संपलं.

आणि त्या शांततेत शिट्टी आली. डॉक्टरांच्या खोलीत आली होती तशीच. बाहेरचा आवाज जितका कमी, तितकी ती मोठी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चांगली जोडी घेतली तर दर दोन गाण्यांच्या मधे मला ह्या शिट्टीबरोबर एकटीला कोंडून घ्यावं लागणार होतं.

मी जोडी काढली, पहिली उचलली आणि म्हणाले, "हीच बरी आहे."

साऊंडवाल्याला काही समजेना. "ताई, ती गळते. अर्धा जनरेटर आत येतो तिच्यात. मग तुम्ही आवाज वाढवणार, कान पुन्हा तिथंच."

"मला हीच पाहिजे."

नवरा कीबोर्ड सोडून आला. माझ्यासमोर उकिडवा बसला. "काय झालं?"

"काही नाही."

"मग ती गढूळवाली काऊन? काय झालं, सांग."

तेव्हा मी सांगितलं. की आवाज आला तर शिट्टी झाकली जाते. की पंखा मच्छरांसाठी नसतो. की मला शांततेची भीती वाटते. जनरेटर चालू होता, मला ओरडून सांगावं लागत होतं, आणि ओरडून सांगताना मी रडत होते. साऊंडवाला बाहेर गेला आणि त्याने जनरेटर बंद केला.

त्याच्या घरातून चहा आला. कप रिकामे झाल्यावर साऊंडवालाच म्हणाला, "दोन गाण्यांच्या मधे मी तुम्हाला अगदी बारीक तानपुरा देत जाईन. शिट्टीच्या खाली. शिट्टी जाणार नाही, पण सोबत राहील."

त्याने मोबाइलवरून तानपुरा लावला. मी तिसरी जोडी, स्पंजाची टोपी, पुन्हा घातली. शिट्टी होती. तिच्याखाली तानपुरा होता. मी डोळे मिटून पाच मिनिटं तशी बसले. सहन होत होतं. आम्ही तशीच नवी जोडी मागवली, स्पंजाच्या टोप्यांचं पाकीट मागवलं आणि कमरेला अडकवायची एक छोटी डबी घेतली, जिच्यावर आवाज कमी-जास्त करायची चावी असते.

घरी महिनाभर मी सराव केला. कान बंद करून गाणं म्हणजे वेगळीच भीती. गिळल्याचा आवाज येतो, श्वास येतो, पण शेजारी उभी असलेली कोरसवाली येत नाही. एकदा मी गात होते आणि सासूबाई दारात उभ्या राहून मला किती तरी वेळ हाका मारत होत्या. मला त्या दिसल्या तेव्हा त्यांचं तोंड नुसतं हलत होतं. बाबांना सगळं घर असंच दिसत असेल, असं वाटून मी सुन्न झाले.

पहिला कार्यक्रम रोहिणखेडलाच ठरला. नव्या विहाराचं उद्घाटन, सकाळी अकराची वेळ. मंडपात आई-बाबा पुढच्या रांगेत बसले होते. वंदना झाली, मग आमची गाणी. मी पदराआडून तार नीट केली, टोपी दाबून घातली, थांबले. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला पंधरा वर्षांत पहिल्यांदा न ओरडता माझा सूर ऐकू आला. ऑक्टापॅड शेतापलीकडे होता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. दुसरं गाणंही तसंच गेलं. मधे तानपुरा आला. भीती होती, पण हातभर लांब उभी होती.

तिसऱ्या गाण्यात कोरसच्या एकीचा पदर स्टँडला अडकला आणि तिचा माइक स्पीकरच्या तोंडासमोर पडला.

मंडपातल्यांना ती नुसती कर्कश्श किंकाळी ऐकू आली. माझ्या ती थेट डोक्यात घुसली. कान तर मी स्वतःच घट्ट बुजवून घेतले होते, तिला बाहेर जायला वाटच नव्हती. मी दोन्ही तारा हिसकावून काढल्या. माइक माझ्या हातून सुटला. मी उभी होते, लोक उठून उभे राहिलेले दिसत होते, नवरा काही तरी ओरडत होता. उजवीकडून कल्ला येत होता. डावीकडून काहीच नाही. शिट्टीसुद्धा नाही.

मी स्टेजवरून उतरले आणि विहाराच्या मागे गेले. तिथे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या, त्यांच्यावर बसले. डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. नाही. पुन्हा वाजवली. नाही. कान वाचवायला जे घेतलं त्यानेच तो गेला, हेच डोक्यात फिरत होतं. आणि इतके महिने जिला घाबरले ती शिट्टी आता यावी म्हणून मी कान लावून बसले होते.

बाबा मागून आले. त्यांनी विचारलं नाही की काय झालं. माझ्या शेजारी गोणीवर बसले आणि कानाकडे बोट केलं. "शिट्टी?"

मी मान हलवली. नाही.

"येईल," बाबा म्हणाले. "मले बी एकदा असं झालं होतं. मशीनचा पट्टा तुटला तवा. दुपारी गेली, दिवे लागायच्या टायमाले आली. तू बस. घाई नको करू."

आत कोरसच्या दोघींनी गाणं पुन्हा उचललं होतं. मला ते एकाच कानाने ऐकू येत होतं. बाबांना येतच नव्हतं. आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. साऊंडवाला आला, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो हात जोडून म्हणाला, "ताई, चूक माझी. कोरसचा माइक तुमच्या कानात द्यायला नको होता. आवाज वर चढला की तोडणारी मशीन माझ्याकडं होती, मी ती घरी ठेवून आलो." मला त्याच्यावर राग यायला हवा होता. पण मला तेव्हा रागही येत नव्हता, इतकी मी भ्यायले होते.

चारच्या सुमाराला, आईच्या घरी, मी खाटेवर पडले होते तेव्हा ती आली. आधी अगदी बारीक, मग नेहमीसारखी. मी उठून बसले आणि आईला म्हणाले, आली. आईला काही कळलं नाही. बाबांना बोटाने खूण केली, त्यांना कळलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही बुलढाण्याला गेलो. डॉक्टर खूप रागावल्या. म्हणाल्या, असा धक्का बसला की त्याच दिवशी यायचं असतं, नर्स असून तुम्हाला सांगावं लागतं? गोळ्या दिल्या, दहा दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली. मी एकदाही अंदाजाने बटण दाबलं नाही. निळ्या फुल्या होत्या तिथेच होत्या, फक्त शेवटची फुली कागदावरच्या एका चौकोनाने खाली गेली होती.

त्यानंतर मी तीन महिने गायले नाही. त्या काळात एक काम केलं: आमच्या आरोग्य केंद्राच्या मोठ्या डॉक्टर साहेबांना सगळं सांगितलं. नोकरीवर येईल असं वाटत होतं. त्यांनी कागद पाहिला, मशीनवर बीपी घेता ते ठीकच आहे म्हणाले, आणि अजून एक मशीन मागवून दिलं. एवढंच झालं. ज्याच्यासाठी मी वर्षभर लपवाछपवी केली, ते पाच मिनिटांत संपलं.

मग पुन्हा उभी राहिले. आता कानात फक्त माझा आवाज आणि कीबोर्ड असतो. आवाज तोडणारी मशीन लावल्याचं साऊंडवाला मला दाखवतो, मी स्वतः तिचा दिवा पाहते, मगच तार जोडते. चावी माझ्या कमरेला, अगदी खाली. एक हात माइकवर आणि एक हात तारेवर ठेवून मी गाते. लोकांना वाटतं ही अदा आहे. ज्या कार्यक्रमात ट्रकवरचा मोठा साऊंड असतो तो आम्ही घेत नाही. किंकाळीची भीती गेलेली नाही. प्रत्येक गाण्यात, तिसऱ्या कडव्याच्या आसपास, माझं अंग आपोआप आकसतं. नवऱ्याला ते दिसतं. तो त्या जागी कीबोर्ड थोडा हलका करतो.

मागच्या पावसाळ्यात एका तालमीनंतर कोरसमधली लहान होती ती माझ्याजवळ थांबली. जिचा माइक पडला होता तीच. वर्षभर ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

"ताई, मले बी तशी जोडी घ्यायची हाय. कोणती घेऊ?"

मी तिला सांगितलं. नुसत्या धडधडीवर भुलू नको. स, श टोचतात का ते पाहा. गोंगाटात जाऊन घाल, तोंड पूर्ण उघडून गा, फट पडली तर टोपी बदल. बिनतारी नको. आणि आवाज तोडणारी मशीन असल्याशिवाय कुठेच लावू नको.

ती मान हलवत ऐकत होती. मी बोलायची थांबले. ती उजवा कान माझ्याकडे करून उभी होती.

"तुझ्या कानात काही वाजते काय?" मी विचारलं.

तिने खाली पाहिलं. "कधी कधी," ती म्हणाली. "कार्यक्रम झाला का. दुसऱ्या दिवशी जाते."

"कोणाले सांगितलं?"

"नाई."

सोमवारी मी रजा टाकली आणि सकाळच्या बसने तिला बुलढाण्याला घेऊन गेले. त्या जाड दाराच्या खोलीत तिला बसवलं, दार लागलं. मी काचेबाहेर उभी राहिले. तिच्या हातात बटण होतं आणि ती माझ्याकडे पाहत होती. मी तिला खूण केली: ऐकू आलं तरच दाब.